केसपेपर आणि भेळेची पुडी

मागच्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेले, की बँकेच्या पासबुकापेक्षा रक्ताचा रिपोर्ट जास्त जपा. खातं बंद करून दुसरं काढता येतं, मधुमेह बंद करून दुसरा काढता येत नाही. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की मेडिक्लेम, डिस्चार्जचा उशीर आणि बिलातले ग्लोव्हज या नेहमीच्या मंडळींना यावेळी सुट्टी दिली आहे. नव्या वाचकांसाठी: मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात ३१ वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली. शेवटी शेवटी संगणकही माझ्याच खोलीत आणून ठेवले, कारण पावसाळ्यात कोरडी राहणारी खोली तेवढी एकच होती. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत आणि गावंही मी इकडची तिकडे केली आहेत. विषयच तसा आहे: आपल्या आजाराची माहिती कुणाकुणाच्या हाती पडते.

कोल्हापुरात भेळ घेतली. पुडी उलगडली तर आत कुणा बाईंच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. नाव, वय, डॉक्टरांचं नाव, सगळं स्पष्ट. मी काय करायला हवं होतं?
(विद्यार्थी, कोल्हापूर)

भेळ खायची, कागद बारीक फाडायचा आणि वर छापलेल्या नंबरवर फोन करून सांगायचं, की तुमची रद्दी इथवर आली. बहुतेक लोक काय करतात माहीत आहे? फोटो काढून ग्रुपवर टाकतात, ‘बघा काय निष्काळजीपणा’ म्हणून. रिपोर्ट एका भेळवाल्याकडे होता, तो आता दोनशे जणांकडे होतो, बाईंच्या नावासकट.

हा कागद तिथे कसा पोचला ते मला चांगलं ठाऊक आहे. भरती झालेल्या रुग्णाचे कागद निदान ३ वर्षं ठेवावेत असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम आहे. ठेवावेत कसे यावर पुष्कळ बोललं जातं, पण तीन वर्षं झाल्यावर त्यांचं करायचं काय यावर कुणी बोलत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला यायचा, काट्यावर पोती चढायची आणि गेटपासवर सही माझी असायची. सुरुवातीची सहा-सात वर्षं मी ती सही बिनघोर केली. कागद कापायचं यंत्र घेऊ या म्हटलं तेव्हा आमचे अकाउंटंट म्हणाले, ‘बाई, रद्दीचे पैसे येतात आणि यंत्राला पैसे जातात.’ हिशेब बरोबरच होता त्यांचा.

सुनेची तपासणी ओळखीच्या लॅबमध्ये केली. मोबाईल नंबर माझा दिला होता, त्यामुळे रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर आला. गोड बातमी होती, मी आनंदाने नणंदेला, जावेला कळवली. सून दोन दिवस धड बोलत नाही. घरातल्या घरात कसली आलीय गुप्तता?
(गृहिणी, इचलकरंजी)

आधी अभिनंदन. आता जरा रागवते.

तीन महिने पुरे होईपर्यंत अशी बातमी उंबऱ्याबाहेर काढायची नाही, हे तुम्हाला तुमच्या सासूबाईंनी सांगितलं असेलच. त्यांच्याकडे ना कायदा होता ना पासवर्ड, पण कोणती गोष्ट कुणी, कधी, कुणाला सांगायची याची रीत होती आणि त्या रीतीत पहिला मान पोटुशीचा होता. तुमच्या सुनेला आपल्या नवऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं असेल. तेवढा एक क्षण लॅबवाल्याने तुम्हाला पाठवून दिला आणि तुम्ही तो वाटून टाकलात.

दुसरं असं, की यावेळी बातमी गोड होती. पुढची तपासणी थायरॉईडची असेल, किंवा ‘गर्भाचे ठोके मिळत नाहीत’ अशी असेल. तीही आधी तुमच्या मोबाईलवर येणार, तुम्ही भाजी घेत असताना. हे तुम्हाला तरी हवंय का?

करायचं एवढंच. लॅबमध्ये जाऊन तिच्या नावापुढे तिचा नंबर घालून घ्या. लॅबवाले पीडीएफला पासवर्ड म्हणून जन्मसाल किंवा मोबाईलचे शेवटचे चार आकडे देतात. तो घरच्यांसाठी पासवर्डच नव्हे, घरच्यांना हे सगळं पाठ असतं. आणि नणंदेला फोन करून सांगा, की सुनेने सांगेपर्यंत तुला काही माहीत नाही. नणंद ऐकेल की नाही ते मला सांगता येणार नाही.

आमचं १५ खाटांचं रुग्णालय. रात्री छातीत दुखणारा पेशंट आला की ईसीजीचा फोटो काढून शहरातल्या कार्डिओलॉजिस्ट मित्राला व्हॉट्सॲप करतो. तो मधल्या मधे कुणी चोरून पाहू शकतो का? एक सॉफ्टवेअरवाला म्हणतो, वर्षाला ६० हजार द्या, आमचं ॲप सुरक्षित आहे.
(डॉक्टर, लातूर जिल्हा)

डॉक्टर, ईसीजी आधी पाठवा, हे उत्तर नंतर वाचा.

मधल्या मधे पाहणं जवळपास अशक्य आहे. २०१६ पासून व्हॉट्सॲपचा संदेश तुमच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि मित्राच्या फोनमध्येच उघडतो. मधे कंपनीलाही तो वाचता येत नाही. पण एसटीने पाठवलेलं पार्सल वाटेत सुखरूप राहिलं म्हणून स्टँडवरही सुखरूप राहतं असं थोडंच आहे? तुमचा फोन सकाळी मुलाच्या हातात असतो, कार्टून बघायला. फोटो आपोआप गॅलरीत उतरतो, गॅलरीतून गूगलच्या ढगात, म्हणजे त्यांच्या संगणकांवर, चढतो आणि लग्नाच्या, सत्यनारायणाच्या फोटोंच्या शेजारी वर्षानुवर्षं बसून राहतो. मित्राकडेही तसंच. म्हणून गॅलरीत आपोआप साठवणं बंद करा. त्या एका संवादासाठी संदेश ठरावीक दिवसांनी पुसले जाण्याची सोय चालू करा. बॅकअपचं कुलूप वेगळं असतं, २०२१ मध्ये ती सोय आली. सेटिंगमध्ये जाऊन ते तुम्हालाच लावावं लागतं.

नाव झाका म्हणून मी सांगणार होते, पण थोडं थांबून सांगते. नाव पूर्ण काढून टाकलं आणि त्या रात्री छातीत दुखणारे दोघे आले, तर कुणाची पट्टी कुणाची हे कळायला नको का? आयपीडी नंबरचे, म्हणजे भरतीच्या नोंदणी क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे आणि वय ठेवा, नाव-गाव अंगठ्याखाली घ्या. मित्राला तेवढं पुरतं. आणि तालुक्यातल्या डॉक्टरांच्या त्या मोठ्या ग्रुपवर ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून टाकू नका. त्यात औषध कंपन्यांचे दोन-तीन एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधीही असतात, तुम्हालाही ठाऊक आहे.

६० हजारांच्या ॲपवाल्याला तीन गोष्टी विचारा. प्रत्येक सिस्टरला, प्रत्येक आरएमओला (निवासी डॉक्टरला) स्वतःचा वेगळा लॉगिन आहे का? कुणी कुणाची फाईल कधी उघडली याची नोंद राहते का? आणि उद्या तुमच्याशी पटलं नाही तर माझ्या पेशंटची माहिती मला वाचता येईल अशा रूपात परत मिळेल का? दुसऱ्या प्रश्नावर तो पाणी मागेल. आमच्याकडे एकदा एक पुढारी दाखल झाले. ही नोंद ठेवणारी सोय नुकतीच सुरू झाली होती, सकाळी मी गंमत म्हणून यादी काढली. त्या रात्रीत त्यांची फाईल उघडणाऱ्यांत भांडार होतं, फिजिओथेरपी होती आणि लॉन्ड्रीचाही लॉगिन होता! यात हॅकर एकही नव्हता, सगळी घरचीच माणसं. सिंगापूरमध्ये २०१८ साली सिंगहेल्थ या रुग्णालयांच्या समूहाच्या संगणकांतून १५ लाख रुग्णांची माहिती गेली, तेव्हा चोरांनी खुद्द पंतप्रधानांच्या औषधांची नोंद पुन्हा पुन्हा शोधली होती. मोठ्या माणसाची शुगर किती, हे कुतूहल चोरालाही असतं आणि लॉन्ड्रीलाही. फरक एवढाच, की लॉन्ड्रीला आपण आत घेऊन पगार देतो.

बॅकअपची एक प्रत रुग्णालयाच्या तारांपासून सोडवून वेगळी ठेवा. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोरांनी जखडले, तेव्हा जवळपास दोन आठवडे तिथे हाताने केसपेपर लिहायची वेळ आली. कायद्याचं म्हणाल तर २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा तुम्हालाही लागू आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी, ती १५ खाटांना बघून ठेवलेली नाही. पण माहिती फुटली तर रुग्णालाच कळवावं लागेल, हे आतापासून डोक्यात असू द्या.

आमचं सीटी स्कॅन सेंटर आहे. रिपोर्टिंग पुण्याचे रेडिओलॉजिस्ट घरून करतात. बसवून देणारा म्हणतो ‘सगळं सिक्युअर आहे’. मला तांत्रिक काही कळत नाही. तपासू कसं?
(सेंटरचालक, बारामती)

आजच्या डाकेतलं सर्वांत महत्त्वाचं पत्र तुमचं, आणि तुम्हाला कल्पनाही नसेल.

सीटीची फाईल म्हणजे नुसतं चित्र नव्हे. डायकॉम नावाच्या ज्या पद्धतीने ती साठवतात, तिच्यात चित्राच्या पोटातच रुग्णाचं नाव, जन्मतारीख, नंबर लिहिलेलं असतं. चित्राचं नाव बदललं तरी आतलं नाव तसंच राहतं. ही पद्धत ठरली १९८०-९० च्या दशकांत, तेव्हा यंत्रं एकाच इमारतीत एकमेकांशी बोलत होती. घरात बोलताना कोण कुजबुजतं? तशी ती यंत्रं मोठ्याने बोलतात, अजूनही. कुलूपबंद बोलायची सोय नंतर आली, पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि बसवणारा मुलगा संध्याकाळची गाडी पकडायच्या घाईत असतो. रेडिओलॉजिस्टना घरून दिसायला हवं म्हणून तो राउटरमधून एक दार थेट इंटरनेटवर उघडतो आणि निघून जातो.

ही कल्पना नाही. ग्रीनबोन नावाच्या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये जगभर अशी उघडी दारं मोजली आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजली. भारतातल्या १० लाखांहून अधिक तपासण्या कुणालाही पाहता येतील अशा पडल्या होत्या. राज्यांच्या यादीत पहिला नंबर आपला, महाराष्ट्राचा, तीन लाखांवर तपासण्या. त्यासाठी कुणाला काही फोडावं लागलं नव्हतं, कडी घातलेलीच नव्हती.

तुम्ही एवढं करा. रात्री सेंटर बंद झाल्यावर घरून, मोबाईलच्या इंटरनेटवरून, रेडिओलॉजिस्ट जो पत्ता टाकतात तोच टाका. नाव-पासवर्ड न विचारता पेशंटची यादी उघडली, तर त्याच रात्री राउटरची वायर काढा आणि रेडिओलॉजिस्टना सांगा, उद्या सीडी पाठवतो. पासवर्ड विचारला तरी पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी नंतर एस आहे का बघा. नसेल तर तो पासवर्ड आणि मागचे सगळे रिपोर्ट वाटेत उघड्या पोस्टकार्डासारखे जातात. मग बसवणाऱ्याला बोलवा आणि म्हणा, ‘राउटरमध्ये बाहेरून आत यायची कुठली कुठली दारं उघडी आहेत ती यादी माझ्यासमोर उघड.’ १०४ किंवा ११११२ हा आकडा त्यात दिसला, तर चित्रांचं दार थेट रस्त्यावर उघडतंय असं धरून चाला. ते बंद करून रेडिओलॉजिस्टसाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी कुलूपबंद खाजगी वाट, बसवून घ्या. हे फार खर्चाचं काम नाही, चिकाटीचं आहे. ‘सिक्युअर आहे’ हे उत्तर घ्यायचं नाही, ‘दाखव’ म्हणायचं.

अजून एक. तुमच्या वेटिंगमध्ये ‘फ्री वायफाय’ची पाटी आणि खाली पासवर्ड लिहिलेला असेल. त्याच जाळ्यावर सीटीचा संगणक असेल तर बाकावर बसलेल्या कुणालाही यंत्रांचं बोलणं ऐकता येतं. पाहुण्यांचं वायफाय वेगळं करा. हवेतून बोललेलं कुणी ऐकत नाही, असं कॅनडातल्या व्हँकुव्हरलाही वाटत होतं. २०१९ मध्ये तिथे उघड झालं, की रुग्णालयांच्या पेजरवर जाणारे निरोप, रुग्णाचं नाव, वय, निदान, खोली, सगळं उघडं हवेत जातंय आणि स्वस्तातल्या रेडिओवर कुणालाही वाचता येतंय. पेजर! मला वाटलं होतं ते संपले.

मी एचआयव्हीसह १४ वर्षं जगतोय. औषधं नियमित, तब्येत ठणठणीत. हर्नियाचं ऑपरेशन करायचं आहे. ऑपरेशनपेक्षा भीती याची वाटते, की फाईल किती हातांतून जाईल. लपवावं का?
(नाव-गाव दिलेलं नाही)

लपवू नका. सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, तुमच्या गोळ्यांचं आणि भुलीच्या औषधांचं जमतं का हे त्यांना बघावं लागतं. बाकी कुणाला कळण्याचं कारण नाही, आणि हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, स्पष्ट सांगतो की कोर्टाच्या आदेशासारखे मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती कुणी उघड करू शकत नाही, आणि ही माहिती ठेवणाऱ्या संस्थेने ती जपायची व्यवस्था केलीच पाहिजे. २० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमलेला असावा लागतो. दाखल होण्याआधी विचारा, ‘तुमचे तक्रार अधिकारी कोण?’ नाव मिळालं नाही तरी प्रश्न विचारल्याचा परिणाम होतो. कौंटरवरची माणसं तुमची फाईल मग जरा सरळ धरतात.

आता मला माझं सांगायचंय. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे अशा केसपेपरवर कोपऱ्यात लाल ठिपका लावायची पद्धत होती. स्टाफने काळजी घ्यावी म्हणून. ठिपक्यांचा रोल माझ्या टेबलाच्या खणात असायचा, ते मीच लावायचे, नीट, वरच्या उजव्या कोपऱ्यात. एक तरुण ड्रायव्हर दाखल होता. त्याला चहा द्यायला येणारा कँटीनचा पोरगा त्याच्याच गावचा निघाला. ठिपक्याचा अर्थ कँटीनलाही माहीत होता, सगळ्यांनाच होता. ड्रायव्हर घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. पुढच्या तारखेला तो आला नाही, त्याच्यापुढच्याही नाही. त्याची फाईल माझ्याकडे ‘फॉलोअपला गैरहजर’ या शेल्फवर राहिली आणि तीन वर्षांनी मीच ती बाद केली.

खरी गोष्ट अशी, की ठिपक्याची गरजच नव्हती. हातमोजे आणि सुईची काळजी प्रत्येक रुग्णाला सारखीच घ्यायची असते, कारण ज्याची तपासणीच झालेली नाही त्याचं रक्त कसं आहे हे कुणाला माहीत? आमच्या एका सिस्टरनी हे मिटिंगमध्ये सांगितलं आणि ठिपके बंद झाले. मी उरलेला रोल बंबात टाकला.

तुम्ही दाखल व्हाल तेव्हा बघा: फाईलच्या बाहेर, खाटेच्या पाटीवर, ऑपरेशन थिएटरच्या फळ्यावर काही खूण, काही ‘प्रिकॉशन’ लिहिलंय का. दिसलं तर पुसायला सांगा, शांतपणे, सर्जनचं नाव घेऊन. मेडिक्लेम असेल तर कागद टीपीएकडे (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीकडे) थेट जाऊ द्या, ऑफिसच्या एचआरमार्फत नको. आणि ऑपरेशन झाल्यावर मला एक ओळ लिहा, नाव न घालताच.

बहरीनमध्ये असतो. साताऱ्याला वडिलांना फोन येतात, ‘आभा कार्ड काढून देतो, ओटीपी सांगा.’ हे आभा काढावं की नाही?
(मुलगा)

आभा काढायला हरकत नाही, फोनवरच्या माणसाकडून काढायला आहे. आभा हा आरोग्याच्या नोंदींसाठीचा १४ आकडी सरकारी नंबर, ऐच्छिक. तुमच्या फाईली त्यामुळे दिल्लीला जाऊन एका ढिगात पडत नाहीत. त्या ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि तुम्ही होकार दिलात तर, दिलात तेवढ्या मुदतीसाठी, दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. ओपीडीत क्यूआर स्कॅन करून टोकन घेतलं तर नोंदणीपुरतं नाव, वय, पत्ता जातं, जुने रिपोर्ट जात नाहीत. वडिलांना सांगा, ओटीपी विचारणारा फोन आला की ‘मुलाला विचारतो’ म्हणून ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मी निवृत्त शिक्षक, वय ७८. तुमचं वाचून सगळी फाईल लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली देवघरात लपवली. बायकोलाही सांगितलेलं नाही. बरोबर केलं ना?
(सर, कराड)

नाही हो सर! रात्री दोनला तुम्हाला उचलून नेलं तर तुमची पेनिसिलिनची ॲलर्जी कपाटात राहील आणि तुम्ही दवाखान्यात. अर्ध्या पोस्टकार्डावर रक्तगट, ॲलर्जी, चालू गोळ्या आणि मुलीचा नंबर लिहून शर्टाच्या खिशात ठेवा. किल्ली कुठे आहे ते बाईंना आजच सांगा. त्यांना बहुधा माहीत असेल.